फाइल उघडली की प्रोग्राम बंद पडतो? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून बघा

मार्च लागला की आमच्या चोपड्यातल्या दुकानाचं शटर वर व्हायच्या आधीच दोन-तीन जण पायरीवर बसलेले असतात. कुणी विकास सोसायटीचे गटसचिव, कुणी पतसंस्थेतले क्लार्क, कुणी विद्यापीठाला प्रोजेक्ट जमा करायच्या घाईत असलेला पोरगा. हातात पेनड्राइव्ह नाहीतर लॅपटॉपची बॅग, आणि सगळ्यांचं वाक्य एकच: "भाऊ, फाइल उघडूच नाही राह्यली." डबल क्लिक केलं की वर्ड किंवा एक्सेल दोन सेकंद तोंड दाखवतं, इंग्रजीत काहीतरी सूचना येते आणि खिडकी गुल. परत उघडलं, परत तेच.

येण्याआधी बहुतेकांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की लगेच फॉरमॅट मारू नका. शेतातली मोटर चालू झाली नाही तर आपण एकदम विहिरीत उतरून मोटर वर काढत नाही. आधी लाइट आहे का बघतो, मग फ्यूज, स्टार्टर, केबल, आणि शेवटी मोटर. कॉम्प्युटरलाही तोच क्रम लागू आहे. उलट जी एरर दर वेळी त्याच जागी येते ती पकडायला सोपी असते, कारण ती हवी तेव्हा पुन्हा आणता येते. कधीतरीच येणारी एरर जास्त छळते.

पहिलं काम: फोटो आणि कॉपी

एरर आली की "ओके" दाबायची घाई करू नका. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. इंग्रजी समजत नसेल तरी चालेल, पण शब्द जसेच्या तसे हवेत. "फाइल इज करप्ट", "फाइल इज लॉक्ड फॉर एडिटिंग", "हॅज स्टॉप्ड वर्किंग" या तीन सूचनांचे तीन वेगळे अर्थ आहेत आणि तिन्हींचे उपायही वेगळे. "काहीतरी एरर आली होती" एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

दुसरं, त्या फाइलची कॉपी करून ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग कॉपीवरच करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. फाइल पेनड्राइव्हवर असेल तर ती आधी कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर कॉपी करून तिथून उघडून बघा. कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होतं. पेनड्राइव्ह सैल बसलेला असतो किंवा जुना होऊन मध्येच वाचायचा थांबतो, आणि बोल मात्र वर्डला लागतो. कॉपी करतानाच अडकलं, तर फाइल किंवा प्रोग्राम तपासत बसू नका, दोष त्या पेनड्राइव्हचा आहे.

दोष कुठे आहे ते तीन अदलाबदलींत कळतं

हा भाग नीट वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे. उघडत नसलेल्या फाइलमागे तीन ठिकाणं असतात: खुद्द फाइल, ती उघडणारा प्रोग्राम आणि खालचं मशीन. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची.

आधी त्याच कॉम्प्युटरवर, त्याच प्रोग्राममध्ये दुसरी एखादी फाइल उघडा. ती नीट उघडली, तर पहिल्या फाइलवर संशय घ्या. मग तीच अडलेली फाइल शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडा. तिथे उघडली तर फाइल चांगली आहे, दोष तुमच्याकडच्या प्रोग्रामचा किंवा मशीनचा. तिसरं, तीच फाइल तुमच्याच मशीनवर वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. यासाठी लिब्रेऑफिस नावाचा मोफत प्रोग्राम कामाला येतो. वर्ड-एक्सेलच्या फाइली तो उघडतो आणि पैसे लागत नाहीत. मांडणी थोडी हलते, पण वर्डने नाकारलेली फाइल लिब्रेऑफिसने उघडून दिल्याचं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. उघडली की "सेव्ह अ‍ॅज" करून नव्या नावाने ठेवा.

या तीन चाचण्यांना दहा मिनिटं लागतात. त्या न करता थेट ऑफिस काढून परत टाकणारे लोक अर्धा दिवस घालवतात, आणि दोष फाइलमध्ये असेल तर एरर परत हजर होते.

फाइलच बिघडली असेल तर

आधी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि साइज बघा. शून्य केबी दिसत असेल तर आत काहीच नाही, ती दुरुस्त होणार नाही. मेलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा दुसऱ्या कुणाकडे जुनी प्रत आहे का शोधा. त्याच खिडकीत खालच्या बाजूला "अनब्लॉक" असा चौकोन दिसला तर त्यात टिक करून ओके करा. मेलवरून किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं, आणि त्या खुणेमुळे कधी कधी वर्ड "एरर ट्राइंग टू ओपन द फाइल" म्हणून अडून बसतं. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली असेल तरच अनब्लॉक करा. अनोळखी मेलमधल्या फाइलला ती खूण असलेली बरी.

साइज व्यवस्थित आहे तरी उघडत नाही, तर वर्ड किंवा एक्सेल आधी रिकामं उघडा. फाइल, ओपन, ब्राउझ असं जाऊन फाइल एकदाच क्लिक करून निवडा. खाली "ओपन" बटणाशेजारी छोटा बाण आहे, त्यावर दाबलं की शेवटी "ओपन अँड रिपेअर" दिसतं. ते निवडा. एक्सेल त्यात पुढे विचारतं की दुरुस्त करू का फक्त आतली माहिती काढू. आधी दुरुस्ती करून बघा, नाही जमलं तर माहिती काढून घ्या. वर्डमध्ये त्याच ओपनच्या खिडकीत फाइलचा प्रकार निवडायच्या यादीत "रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल" असा पर्याय आहे. त्यात फोटो, तक्ते जातात, पण मजकूर हाती लागतो.

प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांसाठी एक खास गोष्ट. फाइल उघडते, पण ठरावीक पानावर गेलं की वर्ड बंद पडतं, असं असेल तर वर्डच्या फाइलच्या शेवटी जी परिच्छेदाची खूण असते तिच्यात बरीच गुपितं साठलेली असतात. फाइल उघडताच कंट्रोल आणि होम दाबून सुरुवातीला जा, कंट्रोल, शिफ्ट आणि एंड दाबून सगळं निवडा, मग शिफ्ट धरून डावा बाण एकदा दाबा म्हणजे शेवटची खूण निवडीतून सुटेल. आता कॉपी करून नव्या कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करा. गेल्या हंगामात एका मुलीचा शंभरेक पानांचा प्रोजेक्ट असाच वाचला. तेवढ्यानेही नाही झालं, तर ज्या पानावर अडतं त्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग वेगवेगळा कॉपी करा. मध्ये एखादा मोबाइलने काढलेला भला मोठा फोटो किंवा नेटवरून उचललेला तक्ता सापडेल. तो टाकून परत नव्याने घाला.

"लॉक्ड फॉर एडिटिंग" ही सूचना फार घाबरवते, पण ती किरकोळ आहे. मागच्या वेळी वर्ड मध्येच बंद पडलं आणि पडद्यामागे चालूच राहिलं, एवढाच तिचा अर्थ बहुतेकदा असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत वर्ड दिसलं तर निवडून "एंड टास्क" करा.

अक्षरं खडबडीत, इंग्रजी चिन्हांसारखी दिसत असतील तर ती एरर नाहीच. फाइल श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे आणि तुमच्याकडे तो फॉन्ट नाही. फॉन्ट टाकला की मराठी दिसेल. आपल्याकडच्या सोसायट्या, ग्रामपंचायती, शाळा यांची जुनी कागदपत्रं अशा फॉन्टमध्ये आहेत, त्यामुळे हे रोजचं आहे.

प्रोग्राम दोषी असेल तर

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडते आणि तुमच्याकडे कोणतीच उघडत नाही, अशी गत असेल तर इथून सुरू करा. कीबोर्डवरची कंट्रोल की दाबून धरा आणि वर्डच्या चिन्हावर क्लिक करा. वर्ड विचारेल, सेफ मोडमध्ये सुरू करू का? येस म्हणा. एक्सेललाही हेच चालतं. सेफ मोडमध्ये प्रोग्राम साध्या अंगाने उठतो, जोडलेल्या वरच्या गोष्टी बाजूला ठेवून. आता फाइल उघडली, तर दोष त्या जोडलेल्या गोष्टींत आहे, म्हणजे अ‍ॅड-इनमध्ये.

फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स असं जा. खाली "मॅनेज" समोर "कॉम अ‍ॅड-इन्स" निवडून "गो" दाबा. यादीतल्या सगळ्या टिका काढा, प्रोग्राम बंद करून नेहमीसारखा उघडा. चालला, तर एकेक टिक परत लावत जा आणि दर वेळी बंद करून उघडा. ज्या टिकेनंतर बंद पडला तीच गुन्हेगार. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रामचं, अँटिव्हायरसचं, जुन्या ऑफिसमध्ये ब्लूटूथने पाठवायचं, अशी नावं त्यात सापडतात. एकदम सगळ्या टिका लावल्या तर काहीच कळणार नाही, म्हणून एकेकच.

सेफ मोडमध्येही तेच झालं तर? इथे आप्पांची गोष्ट सांगतो, कारण या कारणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तालुक्यातल्या एका सोसायटीचे गटसचिव, पन्नाशी ओलांडलेले, पीककर्जाची यादी एक्सेलमध्ये. यादी उघडली की पडदा पांढरा, वर "नॉट रिस्पॉन्डिंग", मिनिटभराने बंद. माझ्या कॉम्प्युटरवर तीच यादी झटक्यात उघडली. त्यांच्या लॅपटॉपवर सेफ मोड झाला, अ‍ॅड-इन्स झाले, फरक शून्य. दुसऱ्या याद्यांचंही तेच. मी विचारलं, "आप्पा, हे कधीपासून?" ते म्हणाले, "जिल्ह्याला मिटिंगला गेलो होतो ना, तिथून आल्यापासून." तिथे काय केलं? "एक प्रिंट काढली."

सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स उघडले. डीफॉल्ट प्रिंटर म्हणून तिथला, पन्नासेक किलोमीटर लांबचा नेटवर्क प्रिंटर बसलेला होता. विंडोजमध्ये "लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर" असा एक पर्याय असतो. तो चालू असला की ज्या प्रिंटरवर शेवटची प्रिंट काढली तोच मुख्य होऊन बसतो. आणि एक्सेल फाइल उघडताना कागद केवढा, समास किती हे डीफॉल्ट प्रिंटरला विचारतं. उत्तर द्यायला प्रिंटर जागेवर नाही, म्हणून एक्सेल वाट बघत उभं. मी तो पर्याय बंद केला, "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ" हा डीफॉल्ट केला आणि यादी उघडायला सांगितली. आप्पांनी माउस सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ओळी भरताना बघत राहिले. फॉरमॅटचं ठरलं होतं त्यांचं, पैसेसुद्धा खिशात आणले होते.

तेव्हा सेफ मोड निष्फळ ठरला की प्रिंटर बघाच. दोन मिनिटांचं काम आहे.

वर्डपुरती आणखी एक जागा. वर्ड प्रत्येक वेळी "नॉर्मल" नावाची एक साचा-फाइल वाचून उठतं. ती बिघडली की कोरी फाइलसुद्धा उघडत नाही. विंडोजच्या शोधात त्या फाइलचं नाव, शेवटी डॉट लावून डी-ओ-टी-एम, असं टाकून शोधा. नाही सापडली तर ती तुमच्या युजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स या वाटेवर असते. वर्ड बंद करून तिचं नाव बदला, पुसू नका. वर्ड पुढच्या वेळी नवी साचा-फाइल आपोआप तयार करतं.

इतकं करूनही अडलं तरच ऑफिसची दुरुस्ती. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, ऑफिससमोरचे तीन ठिपके, मॉडिफाय. आधी "क्विक रिपेअर" करा, त्याला नेट लागत नाही. तो चालला नाही तर "ऑनलाइन रिपेअर". त्यात ऑफिस जवळजवळ नव्याने उतरवलं जातं, म्हणून नेट चांगलं असलेल्या ठिकाणी बसा. तुमच्या फाइली यात जात नाहीत.

एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलतो. बाजारात पन्नास-शंभर रुपयांत टाकून मिळणारं क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं ऑफिस हे कायम येणाऱ्या एररचं मोठं कारण आहे. क्रॅक करणारा प्रोग्राम ऑफिसच्या आतल्या फाइलींना हात घालतो आणि सोबत काय आणतो ते कुणालाच माहीत नसतं. सोसायटीचे, पतसंस्थेचे हिशेब असल्या मशीनवर ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. विकतचं परवडत नसेल तर लिब्रेऑफिस वापरा. आणि ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा, शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही हिशेबात धरा.

पीडीएफचं थोडं वेगळं

पीडीएफ उघडताना अ‍ॅडोबी रीडर बंद पडत असेल तर तीच फाइल एज किंवा क्रोममध्ये ओढून टाका. तिथे उघडली तर रीडर अपडेट करा. आधारची पीडीएफ पासवर्ड मागते, ती बिघडलेली नसते. नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष, एकूण आठ अक्षरं. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून काढलेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, म्हणून लोक "चुकीचा निघाला" म्हणतात. सही खरी आहे का हे तपासायला तुमच्या रीडरला त्या सहीची ओळख नाही, एवढाच त्याचा अर्थ. रीडरमध्ये सहीवर क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, ट्रस्ट, अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स असं केलं आणि परत तपासलं की हिरवी खूण येते. फाइल मात्र खुद्द सरकारी संकेतस्थळावरूनच उतरवलेली हवी, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नको.

मशीनकडे बघा

वर्डही पडतं, ब्राउजरही पडतो, कधी अख्खं मशीन अडकतं, असं असेल तर वर्डला दोष देऊ नका. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे का, म्हणजे जागा भरत आली आहे का, ते आधी बघा. फाइल उघडताना प्रोग्रामला तात्पुरती जागा लागते, ती नसली की एरर येतेच. स्टोरेज सेटिंग्जमधून टेम्पररी फाइल्स काढा. तिथे "डाउनलोड्स" समोर टिक असेल तर ती आधी काढा, नाहीतर कामाची कागदपत्रं त्यात जातील.

आपल्या खान्देशात दोन गोष्टी जास्त त्रास देतात. एक उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या डबड्यात पंखा धुळीने भरलेला असतो. जिनिंगच्या आसपासच्या ऑफिसांत मी पंख्यावर कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी बसलेली पाहिली आहे. दुपारी एरर आणि सकाळी काही नाही, असं चाललं असेल तर मशीन बंद करून, वायर काढून आतली धूळ साफ करून घ्या. दुसरी गोष्ट लाइट. फाइल सेव्ह होत असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट लिहिली जाते. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. शिवाय वर्ड-एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे "ऑटोरिकव्हर" दहा मिनिटांवर असतं, ते दोन-तीन मिनिटांवर आणा.

रॅमचा, म्हणजे मशीनच्या चालू कामाच्या मेमरीचा संशय असेल तर स्टार्टमध्ये "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" शोधा. मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी करतं आणि चालू झाल्यावर निकाल सांगतं.

मशीनची स्वतःची डायरी

हे फार थोड्यांना माहीत आहे आणि मला सगळ्यात उपयोगी वाटतं. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप करा, "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" येईल. तारखांचा एक आलेख दिसतो. ज्या दिवशी काही बंद पडलं त्या दिवशी लाल फुली. पहिली लाल फुली कोणत्या तारखेला आली ते बघा, आणि त्या तारखेला किंवा आदल्या दिवशी खाली काय इन्स्टॉल झालं तेही बघा. नवा प्रिंटर, नवं अँटिव्हायरस, अपडेट, काहीतरी असतंच. आप्पांच्या आठवणीवर मला जे कळलं, ते इथे तारखेनिशी लिहिलेलं असतं.

फुलीवर दाबून तपशील उघडला की "फॉल्ट मॉड्यूल नेम" दिसतं. त्या नावात प्रिंटरच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या कंपनीच्या नावाची अक्षरं ओळखू आली, तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम, टाका. "सी" नंतर सहा शून्य आणि शेवटी ५ असा कोड असेल तर प्रोग्रामने परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावला असा त्याचा अर्थ. एवढ्यावरून रॅम खराब म्हणू नका, अ‍ॅड-इन आणि ड्रायव्हरही तेच करतात.

मेकॅनिककडे न्यायची वेळ आली तर

सगळं करून झालं आणि मशीन द्यावंच लागलं, तर एका कागदावर लिहून द्या: एररचे शब्द, कधीपासून येते, कोणत्या फाइलींना येते, काय काय करून बघितलं. चांगला मेकॅनिक त्या कागदाचे आभार मानेल, त्याचे दोन तास वाचतात. फॉरमॅट ठरला तर आधी स्वतः समोर बसून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चारही फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करून घ्या, आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्राम असेल तर त्याचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते विचारून तोही घ्या. आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरातला "फॉन्ट्स" फोल्डर उघडून जुने मराठी फॉन्ट कॉपी करायला विसरू नका, नाहीतर फॉरमॅटनंतर दहा वर्षांची प्रोसिडिंग बुकं समोर असतील आणि त्यातलं एक अक्षर वाचता येणार नाही.